सहा महिने खिशात

अक्षया नाडकर्णीला कंपनीने फोन वाटायला सांगितले, तेव्हा तिला वाटलं, इतकं सोपं काम आपल्या वाट्याला पहिल्यांदाच आलंय. फुकटचा फोन कोणाला नको असतो?

कंपनी ब्रिस्टलच्या उत्तरेला एका बिझनेस पार्कमध्ये होती. फोनच्या काचेवर द्यायचं एक पारदर्शक कोटिंग तिथे तयार होत होतं. केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकं पातळ, आणि त्याच्यावर म्हणे ओरखडा उठतच नव्हता. लॅबमधल्या यंत्राने ते पोलादाच्या काथ्याने दोन हजार वेळा घासलं, टोकदार खनिजांनी खरवडलं, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर डब्यात घालून खुळखुळवलं. काच जशीच्या तशी. पण ज्या बड्या फोन कंपनीला ते विकायचं होतं, तिला लॅबचं कौतुक नव्हतं. खऱ्या माणसांच्या खिशात काय होतं ते दाखवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मग चाळीस माणसं, चाळीस फोन आणि सहा महिने. काम अक्षयाकडे आलं.

तिची मॅनेजर फियोना म्हणाली, "मला सांभाळून वापरणारी माणसं नकोत. आडदांड हवीत."

अक्षयाने आडदांड शोधली. छपरं दुरुस्त करणारा एक जण, रग्बी शिकवणारा एक, सायकलवरून जेवण पोचवणारे तिघे, दिवसभर दोन-तीन वर्षांच्या पोरांमध्ये असणाऱ्या नर्सरीच्या चार बायका. असे करत एकोणचाळीस झाले. चाळिसावा काही मिळेना. शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तिने सहज विषय काढला, आणि मागच्या खुर्चीवरून उल्हासकाका देवस्थळींनी हात वर केला.

उल्हासकाकांना आडदांड म्हणणं म्हणजे इस्त्रीच्या रुमालाला पायपुसणं म्हणण्यासारखं होतं. वय शहात्तर. विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर. तयार झालेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते भिंगातून बघायचे आणि एक तर पास म्हणायचे नाही तर रिजेक्ट. त्यांच्या तोंडून 'चालेल' हा शब्द कारखान्यात कोणी ऐकला नव्हता, आणि वीणाकाकू म्हणायच्या, घरातही नाही.

"टेस्टचा प्रोसिजर काय?" त्यांनी विचारलं.

"प्रोसिजर असा नाही काका. नुसता वापरायचा. मुद्दाम जपायचा नाही, एवढंच."

"नुसता म्हणजे? रोज कुठल्या खिशात, खिशात आणखी काय, हे लिहून नाही ठेवलं तर तुला कळणार काय?"

"तुम्ही लिहिलंत तर उत्तमच," अक्षया म्हणाली. असं बोलायला काही पैसे पडत नाहीत, एवढ्याच हिशेबाने.

काकांनी सूचनांची नऊ पानं तिथेच, तिळगुळाची वडी बाजूला ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चाळीस जणांत वाचणारे ते एकटेच होते, हे अक्षयाला पुढे कळायचं होतं.

फेब्रुवारीत फोन वाटले गेले. मधल्या काळात तिला लोकांकडून फारसं काही ऐकू आलं नाही. एक फोन बंदरातल्या पाण्यात पडला, एक मँचेस्टरच्या ट्रेनमध्ये राहिला. काकांची बातमी मात्र त्यांच्या नातीकडून, तनिषाकडून, मिळायची. ती ब्रिस्टलमध्येच जन्मलेली, कॉलेजात जाणारी. एकदा मंडळात भेटली तेव्हा म्हणाली, "अक्षयाताई, आजोबा खूप वीअर्ड झाली आहे. फोन घेऊन माती खणते. मग फोन बघते, मग परत खिशात टाकते. आजी म्हणतो की वेड लागला."

"छान चाललंय की मग," अक्षया म्हणाली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती सगळीकडे फिरून फोन गोळा करून आली. सोमवारी टेबलावर सदतीस फोन ओळीने मांडले, तेव्हा लॅबमधली माणसं काम सोडून बघायला आली. एकावरही ओरखडा नव्हता. फियोनाने लेमन केक मागवला. छपरं दुरुस्त करणाऱ्याचा फोन हातात धरून ती खिडकीपाशी गेली, उजेडात वाकडातिकडा करून बघितला आणि म्हणाली, "अक्षया, दुकानातून आत्ता आणल्यासारखा आहे."

तेच अक्षयाला खटकलं. फोनची पाठ खरवडलेली होती, कडेला डांबर लागलेलं होतं, आणि समोरची काच दुकानातून आत्ता आणल्यासारखी. तिने फोन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काचेच्या चारी बाजूंना, कडेपासून नेमक्या एका अंतरावर, डिंकाची सरळ बारीक रेघ होती. दुसऱ्या फोनवर तशीच. तिसऱ्यावर तर एका कोपऱ्यात पातळ प्लास्टिकची तुटलेली टिकली राहिली होती. दुपारी साडेतीनपर्यंत तिने सदतीसही बघितले.

सदतीसही जणांनी काचेवर स्क्रीन प्रोटेक्टर चिकटवला होता, आणि परत देण्याआधी काढून टाकला होता.

तिने एकेकाला फोन लावला. छपरवाला म्हणाला, "अगं, माझा असता तर नसता लावला. दुसऱ्याची वस्तू." नर्सरीतली बाई म्हणाली, "बाजारात कव्हर घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, इतकी भारी काच आहे, उघडी ठेवू नका." रग्बीवाला जरा घुटमळला. त्याला वाटलं होतं की ओरखडा पडला तर ट्रायलमध्ये आपण नापास होऊ. प्रोटेक्टर लावू नये हे सूचनांच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं. तिसऱ्या पानापर्यंत कोणी गेलंच नव्हतं. सहा महिने कंपनीने प्रोटेक्टरचीच परीक्षा घेतली होती, आणि तो पहिल्या वर्गात पास झाला होता.

राहिला एक. तो वेगळ्या पाकिटात होता, कारण काकांनी तो दिलाच होता वेगळा. वर लाल शाईत तारीख, सही आणि एक शब्द: रिजेक्ट. सोबत दोनशे पानी वही. ओरखडे सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत होते. धुक्यासारखी काच पांढुरकी झाली होती.

फियोनाने ऐकून घेतलं. मग केकचे चुरे कागदात गोळा करत म्हणाली, "चाळीसपैकी सदतीस निर्दोष. वाक्य खरं आहे ना?"

"खरं आहे, पण…"

"आणि एक अपवाद. प्रत्येक ट्रायलमध्ये असतो."

"फियोना, तो अपवाद नाही. त्या एकट्यानेच ट्रायल केली आहे."

फियोना वाईट बाई नव्हती. तिच्या डोक्यावर पुढच्या गुरुवारी येणारे त्या फोन कंपनीचे पाहुणे होते, आणि अक्षयाच्या व्हिसावर ज्या कंपनीचं नाव होतं तिचं पुढचं वर्ष त्या पाहुण्यांच्या हातात होतं. हे दोघींना ठाऊक होतं. पण पाहुण्यांनी आधीच ईमेल पाठवलं होतं: आकडे नकोत, मूळ नोंदी हव्यात. आणि मूळ नोंदी म्हणाव्यात अशी एकच गोष्ट कंपनीकडे होती, ती मराठीत होती.

"त्या गृहस्थांना बोलाव," फियोना शेवटी म्हणाली. "फक्त त्यांना सांग, फेब्रुवारी ते जुलैबद्दल बोला."

शनिवारी अक्षया फिशपाँड्सला काकांच्या घरी गेली. काका नुकतेच अलॉटमेंटवरून आले होते. कौन्सिलकडून घेतलेला तो तुकडा त्यांनी एकवीस वर्षं कसला होता. बटाटे, मेथी, मुळे. बूट काढून, हात धुऊन त्यांनी अक्षयाने सोबत आणलेली वही उघडली आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"तीन फेब्रुवारी. उजवा खिसा. किल्ल्या तीन, नाणी सहा. पाऊस. ओरखडा नाही. अकरा मार्च. डावा खिसा. स्क्रू चार, पाव इंची. ओरखडा नाही. एकोणतीस एप्रिल. ओली माती, मुद्दाम. दोन तास खणकाम. ओरखडा नाही." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "वेस्टनच्या समुद्रावर नेऊन वाळूत ठेवला. वाळू म्हणजे गारगोटीच. नाही म्हणजे नाही. तुला सांगतो, मे महिन्यात मी कंटाळलो. चौतीस वर्षांत इतका निर्दोष माल मी बघितला नव्हता. झोप लागेना."

"मग?"

काकांनी शेवटचं पान काढलं. त्यांचा आवाज बदलला. "तीन ऑगस्ट, संध्याकाळ. ओरखडा नाही. चार ऑगस्ट, सकाळी नऊ. ओरखडे, असंख्य." त्यांनी वही मिटली. "एका रात्रीत! कळलं तुला? थकवा. विमानाच्या पात्याला येतो तसा. एकशे ब्याऐंशी दिवस सोसलं, बाहेरून काही दिसलं नाही, आणि एकदम हात टेकले. तुमच्या लॅबला हे कधीच सापडलं नसतं."

निवृत्त झाल्यापासून सोळा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद अक्षयाने काय, त्यांच्या बायकोनेही बघितला नसावा. कोटिंग असं एका रात्रीत थकत नाही, हे तिला माहीत होतं.

"मी चहाचं बघते," म्हणून ती आत गेली.

वीणाकाकू ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी चहाच्या आधणाखालचा गॅस कमी केला, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "त्या फोनचं काही झालं का गं?"

"काय व्हायचं होतं काकू?"

"नाही, हे फार खुशीत आहेत म्हणून विचारते." काकूंनी पदरासारखा एप्रन चाचपला. "तू त्या रविवारी न्यायला येणार होतीस. हे आंघोळीला गेले आणि फोन इथे ओट्यावर. बघितला तर काय, कडेला माती, वर बोटांचे डाग. आता दुसऱ्याची वस्तू परत करायची ती अशी? लोकांचा डबासुद्धा आपण घासूनपुसून देतो, रिकामा देत नाही. फोनमध्ये काही घालता येत नाही, पण निदान स्वच्छ तरी. म्हणून घासला."

"कशाने?"

काकूंनी सिंककडे बघितलं. नळाशेजारी हिरवी घासणी वाळत होती.

अक्षयाने ती उचलली. त्या हिरव्या जाळीत जी बारीक पूड चिकटवलेली असते, ती पोलादाच्या कितीतरी पट कडक. नीलमणी ज्या द्रव्याचा बनतो त्याच द्रव्याची. लॅबमध्ये तीन वर्षं, सात इंजिनियर, दोन यंत्रं. पण हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"जोर लावला होता?"

"जाईपर्यंत घासलं," काकू म्हणाल्या. "आधी काही जाईना, मग सगळंच पांढरं झालं. मला वाटलं साबण राहिला. ह्यांना सांगू नकोस हं. सहा महिने ह्या माणसाने त्या फोनपायी मला मेथी निवडू दिली नाही धड."

अक्षयाने मान हलवली, आणि चहाचा कप हातात घेऊन बाहेर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण कुठे येऊन अडकलोय. कोटिंग उत्तम होतं. ते उत्तम असल्याचा जगातला एकमेव पुरावा काकांच्या वहीत होता. आणि तो पुरावा मानायचा, तर काकांचा शोध खोटा ठरत होता आणि काकू उघड्या पडत होत्या.

गुरुवारी काका नेव्ही ब्लू ब्लेझर घालून आले. टायवर कारखान्याचं चिन्ह होतं. पाहुणे दोघे होते, एक बाई आणि एक तरुण, दोघेही सौम्य, दोघांच्याही समोर को‍ऱ्या वह्या. फियोनाने चाळीसपैकी सदतीस निर्दोष असल्याची स्लाइड दाखवली. बाईंनी विचारलं, "सदतीसही जणांनी काच उघडी वापरली का?"

फियोनाने अक्षयाकडे बघितलं. अक्षयाला आपल्या व्हिसाचं कार्ड डोळ्यांपुढे दिसलं, स्पष्ट, फोटोसकट.

"नाही," ती म्हणाली. "एकानेच."

मग काका उठले. त्यांनी पंचवीस मिनिटं वही वाचली, एकेका ओळीचं इंग्रजी स्वतः करत. खिसे, किल्ल्या, स्क्रू, माती, वाळू. तरुण पाहुण्याने मध्येच विचारलं, मेथी म्हणजे काय. काकांनी त्याला मेथीही समजावली. फियोनाने सांगितलेला जुलै आला आणि गेला. काका ऑगस्टला पोचले, आणि थकव्याचा सिद्धांत मांडून म्हणाले, "सबब, माझा निर्णय रिजेक्ट."

फियोनाने डोळे मिटले होते.

"ओरखडे बघता येतील का?" बाईंनी विचारलं.

अक्षयाने फोन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि चित्र भिंतीवरच्या पडद्यावर आलं. सगळ्यांनी वर बघितलं. काकांनी नाही. "असं पडद्यावर मला दिसत नाही," म्हणत ते उठले, सूक्ष्मदर्शकापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला.

चौतीस वर्षं त्या माणसाने पृष्ठभाग बघण्यात घालवली होती. त्यांना दहा सेकंदही लागले नाहीत. अक्षयाला त्यांची पाठ दिसत होती. आधी ती नेहमीसारखी ताठ होती. मग खांदे जरा उतरले.

थकव्याच्या भेगा अशा नसतात. हे गोल गोल होते, एकावर एक, मध्ये दाट आणि कडेला विरळ, जसे हाताने घासल्यावर उठतात. आणि फ्रेमच्या फटीत एक हिरवा तंतू अडकला होता.

काका मराठीत, तिला एकटीलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाले, "हे घासलंय."

अक्षयाने पडद्यावरच्या तंतूकडे बघितलं.

"हिरवं आहे ते. आमच्याकडचंच आहे."

काकांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा लावला. मग पाहुण्यांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "मला निर्णय बदलायचा आहे. परत देण्याआधी फोन स्वच्छ करावा म्हणून भांड्यांच्या घासणीने घासला. मी घासला. विसरलो होतो. वय झालं."

"तुम्ही?" फियोनाने विचारलं.

"मी. ती नोंद वहीत नाही. चूक माझी. एकशे ब्याऐंशी दिवसांची बाकी नोंद बरोबर आहे. माल पास."

तरुण पाहुण्याने लिहून घेतलं. बाईंनी उठून काकांशी हात मिळवला आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांत अशी टेस्ट बघितली नाही, आणि आपली चूक अशी कबूल करणारा माणूसही नाही. फियोनाचा चेहरा लेमन केकच्या दिवसासारखा झाला. कोटिंग घ्यायचं, पुढच्या वर्षीच्या फोनवर लावायचं, असं त्या दुपारीच जवळजवळ ठरलं. एकच गोष्ट बाईंनी जाता जाता सुचवली. काच उघडी असली की गिऱ्हाइकाला चैन पडत नाही, हे सदतीस जणांनी दाखवून दिलंच आहे. तेव्हा फोनवर फॅक्टरीतच एक प्रोटेक्टर लावून द्यावा. फियोना म्हणाली, का नाही. प्रोटेक्टरवरही कोटिंग देता येईल.

अक्षया काकांना गाडीने घरी सोडायला निघाली. वाटेतल्या सुपरमार्केटपाशी सिग्नल लागला, तेव्हा काका म्हणाले, "तिने तुला सांगितलं होतं?"

"हो."

"कधी?"

"शनिवारी. चहा करताना."

काकांनी मान डोलावली. "एकोणीसशे शहाऐंशीत मी एक अख्खी बॅच रिजेक्ट केली होती. दोनशे बारा पाती. सगळ्यांवर बारीक रेघा. सुपरवायझर रडकुंडीला आला. मी ऐकलं नाही. रेघा म्हणजे रेघा." सिग्नल हिरवा झाला. "आता वाटतं, कोणी तरी चांगल्या हेतूने पुसली असतील. फडक्यात काही असेल. मी विचारलंच नाही कोणाला."

"तुमचं काम विचारायचं नव्हतं काका."

"नव्हतं," ते म्हणाले. "सोपं होतं मग काम."

घरी वीणाकाकूंनी दार उघडलं. त्यांनी आधी अक्षयाच्या तोंडाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या, आणि कुठेच काही कळलं नाही तेव्हा सरळ विचारलं, "काय म्हणाले ते लोक?"

काका वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. "पास," ते म्हणाले.

"पास! तुम्ही तर रिजेक्ट म्हणत होतात."

"म्हणत होतो."

"पाहुणे खूश झाले?"

"फार."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळंच तेज आलं, आणि त्या अक्षयाकडे बघून, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाल्या, "मी सांगते तुला, वस्तू स्वच्छ असली ना की समोरच्याचं मत आपोआप चांगलं होतं."

काकांचा हात नाडीवर थांबला. काही तरी म्हणावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलेलं अक्षयाला दिसलं. मग त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, दोन्ही बूट जोडीने भिंतीशी लावले आणि म्हणाले, "खरं आहे. पान वाढ."